डावी नळी

चेरी ब्लॉसम पॉलिशची चपटी डबी. आत कापूस, कापसात तेल मुरलेली मलमलीची चिंधी आणि चिंधीत दोन मोडक्या कमानी. दाराच्या नव्हेत, बंदुकीच्या. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, माझ्या करंगळीएवढ्या, दोन्ही एकाच पायात मोडलेल्या. झाकणाला आतून अण्णांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली: 'डावी. पहिली, 12 मे 1990. दुसरी, 3 ऑगस्ट 2006.' अण्णा सरकारी हिशेब खात्यात होते. घरात आलेल्या आणि घरातून गेलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख त्यांच्याकडे असे.

ते गेले 2019च्या जानेवारीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट आवरताना ही डबी लायसन्सच्या कापडी पाकिटामागे सापडली. भाऊ न्यू जर्सीला. विमानतळावर जायच्या गडबडीत होता. म्हणाला, "ताई, त्या बंदुकीचं काय ते तूच बघून टाक." बरोबरच होतं. बंदुकीचं कायम मीच बघत आले होते. म्हणजे अण्णा बघायचे आणि मी कंदील धरायची.

आमचं घर गौलीगुड्यात. कोठीकडून उतरत आलात की पुतलीबावलीनंतरच्या गल्ल्यांत. मराठी माणसं त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुलांना शाळा जामबागची विवेक वर्धिनी, पुस्तकांना मराठी ग्रंथसंग्रहालय, भांड्यांना बेगम बाजार, आजारपणाला उस्मानिया. सगळं चालत. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दख्खनी, कागदपत्रांत आजोबांच्या काळापर्यंत उर्दू. आजोबा वकील होते. हायकोर्ट मुसीच्या पलीकडच्या काठावर. पूल ओलांडून कोर्टात जायचे. शेती मात्र परभणीकडे, पूर्णेच्या काठाला. बंदूक घेतली ती त्या शेतीसाठी. ज्वारी निसवली की रानडुकरं यायची.

सिकंदराबादच्या छावणीतला कुणी गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला, त्याने सामान विकायला काढलं, त्यात ही बाराबोअरची दुनळी होती. बाराबोअर म्हणजे काय, हे अण्णांनी मला पहिलीपासून पाठ करून घेतलं होतं: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर एका गोळीची जी जाडी, तो नळीचा व्यास. साडेअठरा मिलिमीटर. पाढ्यांच्या जोडीला हेही. लायसन्सवर तिचं नाव 'डीबीबीएल गन', घरात नुसती 'दुनळी'. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कोरलेलं होतं रॉडा आणि कंपनी, कलकत्ता. ही तीच रॉडा, जिच्या मालातल्या 50 माउझर पिस्तुलांच्या आणि 46 हजार गोळ्यांच्या पेट्या 26 ऑगस्ट 1914 रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी भर दिवसा बैलगाडीतून पळवल्या. अण्णांना त्या नावाचा एवढा अभिमान की जणू गाडी तेच हाकत होते.

या नावानेच पुढे आमचा घात केला, पण ते नंतर.

1948च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने गावाकडची माणसं सोलापूरला गेली. तेव्हा दुनळीचे तीन तुकडे झाले. म्हणजे ती तशी होतेच. नळ्या, दस्ता आणि नळ्यांखालचा लाकडी हात, असे तीन भाग अलगद सुटतात. नळ्या धान्याच्या पेवात गेल्या, बाकीचं माळ्यावर. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, माणसं परतली, पेव उघडलं. डाव्या नळीला आतून मसूरभर खड्डे पडले होते. तेव्हापासून डावी दुखणाईत.

पुढचे दोन घाव कागदावरचे. 1 नोव्हेंबर 1956ला हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे पडले. परभणी मुंबई राज्यात गेली, आम्ही आंध्रात राहिलो. लायसन्स आंध्रापुरतं, डुकरं पलीकडच्या राज्यात. ज्या शेतासाठी बंदूक घेतली तिथे ती न्यायची सोय उरली नाही. मग 1972मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि उरलीसुरली शिकारही संपली; ते फार चांगलं झालं, असं अण्णा स्वतः म्हणत. त्यांनी आयुष्यात एकाही प्राण्यावर बंदूक चालवली नाही. दसऱ्याला सकाळी आम्हाला पाळापिट्टा बघायला न्यायचे. नीळकंठ पक्षी तो. तेलंगणात दसऱ्याला त्याचं दर्शन घेतात. घरी आल्यावर पाटावर दुनळी, शेजारी अण्णांचं फाउंटन पेन आणि आईची शिवणाची कात्री, तिघांना हळदकुंकू, झेंडू. वर्षातून तेवढं एक काम तिला.

"मग ठेवता कशाला?" आई विचारायची.

"वस्तू घरात आहे तर चालू पाहिजे," एवढंच उत्तर.

चालू म्हणजे काय, ते सांगते. या जातीच्या बंदुकीचे घोडे बाहेर दिसत नाहीत, पोटात असतात. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या अँसन आणि डीली या दोघांनी 1875मध्ये ही युक्ती काढली: नळ्या खाली पाडल्या की त्यांच्याच वजनाने आतले घोडे ताणले जातात. उघडली आणि मिटली, की दोन्ही कमानी दाबून बसल्या. त्या सैल करायच्या तर चाप ओढायला हवा. पण नळी रिकामी असताना ओढला तर पिनेला धक्का बसतो. म्हणून अण्णांकडे दोन खोटी काडतुसं होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या, केएफ छापाच्या उडवलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, आणि टोपीच्या भोकात खोडरबराचा तुकडा. ते रबर माझ्या कंपासपेटीतून जायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेलपाणी झालं की खोटी काडतुसं घालून अण्णा डोळे मिटत आणि पुढचा चाप ओढत. टक्. मग मागचा. टक्. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. उजवी जवळच्यासाठी, डावीचं तोंड जरा आवळलेलं, ती लांबच्यासाठी. दोन्ही आवाज सारखे आले की रविवार सुरू.

1989च्या निवडणुकीआधी लायसन्सच्या बंदुका जमा करायचा हुकूम निघाला. दर निवडणुकीला निघतो. अण्णांनी ती एका ठाण्यात नेऊन दिली. कोणतं ते लिहीत नाही. तिथल्या शिपायाचा तरी काय दोष, शंभर बंदुका एका खोलीत उभ्या, खिडकीला काच नाही. मिळाली ती मे महिन्यात. कुणी तरी उघडून पाहिली असणार आणि तशीच मिटून ठेवली असणार, कारण दोन्ही घोडे ताणलेले होते आणि सांध्यांत तांबूस गंज धरला होता. अण्णांनी आधी दोन दिवस नुसतं तेल पाजलं. तिसऱ्या दिवशी खोटी काडतुसं घालून पुढचा चाप. टक्. मागचा. काही नाही. मागचा पुन्हा. आत काही तरी खुळखुळलं.

12 मे 1990. डबीवरची तारीख.

शोध सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची. अण्णांना वाटत होतं, पंधरा दिवसांचं काम आहे. या शहरात काय मिळत नाही! ट्रूप बाजारात नळ आणि वायरी, राणीगंजला जगातल्या यच्चयावत यंत्रांचे सुटे भाग, आणि जे कुठेच नाही ते जुमेरात बाजारात, गुरुवारी, जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर. आणि मुळात हे तोफांचं गाव. आबिड्सजवळच्या एका अख्ख्या मोहल्ल्याचं नाव गनफाउंड्री. निजामाच्या फ्रेंच सेनापतीने, रेमाँने, 1795मध्ये तिथे तोफा ओतायचा कारखाना काढला, लोक अजून त्याला तोप का सांचा म्हणतात. त्या रेमाँचा मूसाराम करून टाकला या शहराने, आणि मूसारामबागही करून टाकली. असल्या गावात करंगळीएवढी कमान मिळू नये?

नाही मिळाली. राणीगंजच्या दुकानदाराने हातात घेऊन विचारलं, "कौनसी गाड़ी की है?" बंदुकांच्या दुकानात ऑर्डनन्स फॅक्टरीच्या बंदुकीची कमान दाखवली, ती वेगळ्याच घाटाची. परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकातच बंद झालेली, त्यामुळे तीही वाट नाही. मग जुमेरात बाजारात अण्णांना एक सापळा सापडला: नळ्या नाहीत, दस्ता नाही, नुसता मधला लोखंडी भाग, पण आत कमान शाबूत. साठ रुपये. उड्या मारत घरी आले. रात्री कमान काढून लावून पाहिली तर केसाएवढी लांब. एक केस! घासली तर बसेल का, या विचारात त्यांनी उशाशी ठेवलेला शस्त्र अधिनियम 1959 उघडला, आणि कलम 2 वाचून त्यांची झोप उडाली. कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' म्हणजे शस्त्राचे भागसुद्धा. पुढे दुरुस्तीलाही परवाना हवा. म्हणजे लायसन्स एका बंदुकीचं आणि घरात दीड बंदूक. दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून तो सापळा पिशवीत घालून अण्णा परवान्याच्या दुकानात गेले, रीतसर जमा केला, पावती घेतली. साठ रुपये घरच्या हिशेबात 'अज्ञान' या सदराखाली लिहिलेले मी पुढे पाहिले.

तिथल्या म्हाताऱ्या मालकाने त्यांना पहिली खरी गोष्ट सांगितली. रॉडा बंदुका विकत असे, ही बंदूक घडली दुसरीकडे. नळ्यांच्या बुडाशी पाहा. अण्णांनी भिंग लावलं. मुकुट, त्याखाली अक्षरं, चौकटीच्या एक्क्यासारख्या आकारात 12 आणि सी. बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे ते शिक्के. 1813पासून तिथे प्रत्येक नळीत जास्तीची दारू ठासून उडवून बघतात आणि फुटली नाही तर शिक्का मारतात. बर्मिंगहॅमच्या त्या वस्तीत नळी एका घरी, घोडे दुसऱ्या घरी, दस्ता तिसऱ्याकडे, असं काम चालायचं. शेवटी ज्याने मागवली त्याचं नाव कोरायचं आणि पेटी बोटीवर चढवायची. घडवणाऱ्याचं नाव कुठेही नाही. आणि दोन बंदुका दिसायला जुळ्या असल्या तरी प्रत्येकीचा प्रत्येक भाग तिच्याच पोटात कानशीने घासून बसवलेला. स्पेअर पार्ट हा शब्दच तिला लागू नाही. अण्णांनी इंग्लंडमधल्या एका जुन्या कारागिराला एअरमेलने पत्र टाकलं. सभ्य उत्तर आलं: कमान करून देऊ, मात्र बंदूक समोर हवी. खर्चाचा आकडा अण्णांच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा होता. पत्र त्यांनी फाईलला लावलं. सालार जंग म्युझियममध्ये शस्त्रांच्या दालनात मला नेऊन काचेपुढे उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "यांच्या कमानी शाबूत असतील का गं?"

उस्ताद भेटले 1993मध्ये. त्या दुकानाच्याच मागच्या बाजूला, परवान्याखाली, एका खोलीत बसायचे. वडील निजामाच्या शस्त्रागारात कामाला होते म्हणे. उस्तादांचा एक डोळा अधू, त्यामुळे भिंग लावायची वेगळी तसदी नाही, चांगला डोळा लोखंडाला चिकटायचा. अण्णांनी आपली तीन वर्षांची फाईल उघडली. उस्तादांनी फाईलकडे बघितलंही नाही. मोडकी कमान तळहातावर घेतली आणि मला बोलावलं. "इधर आओ अम्मा, देखो." मोडलेल्या जागेवर एका कडेला तिळाएवढा भाग काळपट तपकिरी होता, बाकीचा करडा, साखरेसारखा चमकणारा. काळ्यावर नख ठेवून म्हणाले, "यहाँ से बीमार थी." मग चमकत्या भागावर. "यहाँ से मरी." गंजाने आधी एक बारीक चीर पाडली होती, ती वर्षभर वाढत गेली असेल, उरलेलं एका क्षणात तुटलं.

अण्णांनी विचारलं, "कुठे मिळेल?"

"मिलती नै भाईसाब. बनती."

लोखंडाची गंमत वेगळीच. उस्तादांच्या पत्र्याच्या पेटीत बसच्या पाट्याचा एक तुकडा होता. त्यांचं म्हणणं, निजाम सरकारच्या अल्बियन बसच्या पाट्याचा. 1932मध्ये संस्थानाने 27 बसगाड्यांवर सरकारी वाहतूक सुरू केली, त्या अल्बियन. आणि त्यांचं ठाणं आमच्या गच्चीवरून दिसायचं: गौलीगुड्याचा बस अड्डा, लोखंडी पत्र्याची भलीमोठी अर्धगोल पाठ. मुळात विमानासाठी आणलेलं अमेरिकन बनावटीचं हँगर ते, खांब नाही, भिंत नाही, नुसती कमान. पावसाळ्यात त्याच्यावर सर पडली की आमच्या घरात रेडिओ ऐकू यायचा नाही. पाटा खरोखर अल्बियनचा की पुढच्या कुठल्या लेलँडचा, कुणी सांगावं? अण्णांनी मात्र तो विलायती धरला. विलायती बंदुकीला विलायती पोलाद, हिशेब जुळला.

पाच शनिवार लागले. अण्णांचं हाफ डे ऑफिस सुटलं की आम्ही जायचो. तापवणं, ठोकणं मी फारसं पाहिलं नाही, ते सकाळीच उरकलेलं असे. मला आठवतं ते काजळीचं काम. चिमणी पेटवायची, वात वर करायची, धूर सोडायला लागली की कमान त्या धुरावर धरायची. ती मखमलीसारखी काळी होते. मग चिमट्याने अलगद पोटात बसवायची, एकदा दाबायची, काढायची. जिथे लोखंडाला लोखंड लागलं तिथली काजळी पुसलेली असते. तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात. पुन्हा धूर, पुन्हा बसवणं. पुन्हा दोन हात. कंदील मी असा धरायचा की उस्तादांच्या बोटांची सावली कामावर पडू नये. हलला की ते ओरडत नसत, नुसते थांबत. ते थांबणं मला छडीपेक्षा लागायचं. पुढे मी पुण्यात दातांची डॉक्टर झाले. कॅप बसवताना निळा कागद रुग्णाच्या दातांत धरते, "चावा" म्हणते, डाग पडेल तिथे घासते. वीस वर्षं हे करतेय आणि दर वेळी रॉकेलचा वास येतो.

पहिली कमान पाणी द्यायच्या आधीच मोडली. दुसरी नरम निघाली. बसली छान, पण अण्णांनी डोळे मिटून चाप ओढला तर उजवी टक् आणि डावी टप्. उस्ताद हसले. "मोम है," म्हणाले आणि काढून पेटीत टाकली. तिसरी बसवली तेव्हा संध्याकाळ झाली होती. पुढचा चाप, टक्. मागचा चाप, टक्. अण्णांनी डोळे उघडले नाहीत. "पुन्हा," म्हणाले. उस्तादांनी बंदूक उघडून मिटली. टक्, टक्. मजुरी तीनशे रुपये. अण्णांनी साडेतीनशे दिले आणि पन्नास घरच्या हिशेबात कुठल्या सदराखाली घालावेत ते त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. जागा कोरी सोडलेली आहे.

तेरा वर्षं ती कमान चालली. मधल्या काळात बसेस नव्या इमलीबनच्या ठाण्यात गेल्या, जुन्या अड्ड्यात शहरबसच उरल्या. माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. अण्णांचा पहिला फोन: "खडकी किती लांब आहे तुमच्यापासून?" काडतुसं जिथे होतात तिथे कमानी करणारं कुणी असेल, उजवीसाठी एक जादा करून ठेवावी, असा त्यांचा बेत. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याच्या फाटकावर जाऊन मी काय विचारणार होते? जाते जाते म्हणत राहिले. गेले नाही.

2006च्या ऑगस्टात उस्तादांची कमान गेली. अण्णा त्याच दिवशी दुकानात गेले तर मागच्या खोलीत फोटोकॉपीचं यंत्र. उस्ताद वारून चार वर्षं झाली होती. अण्णांना कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कसं, त्यांच्याकडे आमचा पत्ता नव्हता, आणि अण्णांकडे त्यांचा. ज्याची पावती नाही अशी अण्णांच्या आयुष्यातली बहुधा ती एकच ओळख. मुलाचा तपास लागला. जगदीश मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करायचा. त्या सुट्टीत मीही होते, आम्ही दोघं गेलो. पोरगा चांगला होता. चहा मागवला. मोडकी कमान भिंगाखाली घेतली, अगदी बापासारखी, आणि लगेच खाली ठेवली. "अब्बा नाप कागज पे नै रखते थे. हाथ में रखते थे." पेटी? भंगारात दिली. कानशी? त्याही. मग काही तरी आठवल्यासारखं खणातून एक चिमटा काढून दाखवला. मोबाइलचे बारके स्क्रू धरायला तो अजून वापरत होता. काजळीने काळा पडलेला चिमटा मी लगेच ओळखला. अण्णांनीही ओळखला असणार. ते म्हणाले, "छान ठेवलाय," आणि आम्ही उठलो.

त्यानंतर त्यांनी शोध केला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तेलपाणी चालूच होतं. पुढचा चाप ओढायचे, टक्, आणि बंदूक मिटून कापडात गुंडाळायचे. मागच्या चापाला बोट लावायचे नाहीत. निवडणूक आली की ठाण्याऐवजी दुकानात जमा करायचे, महिन्याचं भाडं भरायचे.

5 जुलै 2018ला पहाटे बस अड्ड्याचं ते हँगर कोसळलं. माणूस एकही दगावलं नाही. मला फोन आला तो सकाळी सात वाजता. "आवाज कसा झाला विचार," अण्णा म्हणाले. मी विचारलं. "टप्," म्हणाले आणि हसले. मग बराच वेळ त्या छताच्या बोल्टांबद्दल बोलत होते. नव्वद वर्षांच्या आसपासचं काम. पत्रे बदलले, रंग दिले, पण बोल्ट जिथे गंजले तिथे नेमका तसाच बोल्ट करून कुणी घातला नसेल, असं त्यांचं मत. खरं-खोटं इंजिनिअर जाणोत.

त्याच वर्षी डिसेंबरात तेलंगणाची निवडणूक होती. दुनळी दुकानात जमा झाली, आणि ती घरी आणण्याआधी अण्णा गेले. म्हणजे शेवटी दोघांची गाठ पडली नाही.

दुकानात मी गेले ते मृत्यूचा दाखला, लायसन्स, जमा केल्याची पावती आणि ती डबी घेऊन. म्हातारा मालक केव्हाच गेला. त्याचा पुतण्याही आता म्हातारा. वारसाने लायसन्ससाठी अर्ज करायचा किंवा बंदूक परवानेधारकाला विकायची, नाही तर सरकारजमा करायची, हे त्याने नीट समजावून सांगितलं. भावाला नको, मला पुण्यात ठेवायची नाही. विकली जाईल का विचारलं. त्याने बंदूक उघडली, उजेडाकडे धरून डाव्या नळीतून पाहिलं आणि मान हलवली.

"निदान पार्टसाठी तरी कुणी घेईल?"

"किसके पार्ट, अम्मा? इसके पार्ट इसीकोच लगते."

तो सह्यांचे कागद काढायला वळला. मी खोटी काडतुसं आणली होती, अण्णांच्याच खणातली. घातली. पुढचा चाप ओढला. टक्. मागच्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

मग डबी उघडून काउंटरवर ठेवली. मालकाने कमानी चिंधीसकट उचलून पाहिल्या. "ये तो लोहा है. घर ले जाओ, याद के वास्ते." मी म्हटलं, कलम 2 प्रमाणे हेही शस्त्रच होतं, पावतीवर चढवा. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. अण्णांना तो तीस वर्षं ओळखत होता. चष्मा लावला, नोव्हेंबरची पावती सरळ केली आणि बंदुकीच्या नंबराखाली उर्दूत एक ओळ वाढवून मला वाचून दाखवली: कमानाँ, टूटे हुए, दो अदद.

डबी रिकामी आहे. चिठ्ठी झाकणाला तशीच आहे.